दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

‘लंडन ते न्यूयॉर्क विमानाने किती लांब?’ असं शोधलं की एका ठिकाणी ५,५४० दिसतं, दुसरीकडे ५,५७०, तिसरीकडे ३,४४२ आणि चौथीकडे २,९९१. वेळेचा घोळ तर याहून मोठा. कुणी साडेसहा तास म्हणतं, कुणी सात, कुणी आठ. आणि तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी केली, तर एका दिशेला बारा तास निघतात आणि दुसऱ्या दिशेला तीन!

यातलं जवळपास सगळं बरोबर असतं. पहिला आकडा विमानतळ ते विमानतळ किलोमीटरमध्ये, दुसरा शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत, तिसरा मैलांत, चौथा नॉटिकल मैलांत. वेळेचंही तसंच. प्रत्येकाने घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू केलेलं असतं आणि वेगळ्या क्षणी थांबवलेलं असतं. त्यामुळे आकडा समोर आला की आधी विचारायचं, हे कुठून कुठपर्यंत मोजलंय? खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच प्रश्नाच्या आहेत. उदाहरणही शक्यतो लंडन–न्यूयॉर्कचंच ठेवलंय, म्हणजे आकडे ताडून बघता येतील.

पायरी १: शहर नाही, विमानतळ पकडा

लंडनच्या नावावर सहा विमानतळ आहेत: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी आणि साउथएंड. टोकियोला हानेडा आणि नारिता. त्यातलं नारिता शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर दूर आहे. हवाई अंतरात या फरकाने वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे होतात, म्हणजे फारसं काहीच नाही. पण जमिनीवरच्या प्रवासात तास-दीड तासाचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक विमानतळाचा तीन अक्षरी कोड लिहून घ्या. हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके. तिकीट शोधताना एलओएन किंवा एनवायसी असा कोड दिसला तर तो अख्ख्या शहराचा असतो. त्यावरून नेमका विमानतळ कळत नाही.

कोड बघण्याचं आणखी एक कारण म्हणजे सारखी नावं. सॅन होजे कोस्टा रिकात आहे आणि कॅलिफोर्नियातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. सिडनी म्हटलं की ऑस्ट्रेलिया आठवतो, पण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही एक सिडनी आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे जाऊन पोचल्याच्या बातम्या एकदा नाही, अनेकदा आल्या आहेत. एखादं अंतर अपेक्षेपेक्षा भलतंच कमी किंवा जास्त आलं, तर सूत्र तपासण्याआधी शहर तपासा.

पायरी २: अंतर काढा, पण सपाट नकाशावर पट्टी ठेवून नाही

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर लंडन आणि न्यूयॉर्क सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा अटलांटिकच्या मधोमध जाते. प्रत्यक्षात विमान वर उत्तरेकडे कमान करून आयर्लंडवरून पलीकडे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडकडे जातं. वैमानिक वळसा घेतात म्हणून असं होत नाही. पृथ्वी गोल आहे आणि गोलावर दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढता येणाऱ्या सगळ्यात मोठ्या वर्तुळावरून जाते. सपाट कागदावर तीच वाट कमानीसारखी दिसते. खात्री करायची असेल तर पृथ्वीगोल घ्या, दोन शहरांवर दोरा ताणून धरा आणि तो कुठून जातो ते बघा.

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांनी गुगल मॅप्सवर ‘अंतर मोजा’ हा पर्याय वापरावा, किंवा ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड टाकावेत. पण एकदा तरी हाताने करून बघा. एकदा गणित कळलं की कुठल्याही संकेतस्थळावरचा चुकीचा आकडा लगेच खटकतो.

लागतात फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश. हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. केनेडी: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांमधला फरक ७३.३३ अंश. सूत्र असं (मधला कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही ठिकाणांकडे काढलेल्या रेषांमधला कोन):

कॉस (मधला कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कॉस (पहिला अक्षांश) × कॉस (दुसरा अक्षांश) × कॉस (रेखांशांतला फरक)

आकडे घातले की पहिला गुणाकार ०.५०९५ येतो, दुसरा ०.१३५६. बेरीज ०.६४५१. ज्या कोनाचा कॉस इतका आहे तो कोन ४९.८३ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर एका अंशाला १११.१९ किलोमीटर पडतात. ४९.८३ गुणिले १११.१९ म्हणजे साधारण ५,५४० किलोमीटर. झालं.

तीन ठिकाणी लोक अडखळतात. एक, स्प्रेडशीटमधल्या साइन-कॉसना कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात लागतात. अंश तसेच टाकले तर उत्तर येतं, पण निरर्थक येतं. दोन, दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे असतात. वरच्या उदाहरणात दोन्ही रेखांश पश्चिमेचे होते म्हणून सरळ वजाबाकी चालली. एक पूर्व आणि एक पश्चिम असता तर बेरीज करावी लागली असती. तीन, अगदी जवळच्या बिंदूंना, म्हणजे काही मीटरांच्या अंतराला, हे सूत्र नीट चालत नाही. तिथे हॅव्हरसाइन सूत्र वापरतात. विमानप्रवासात ती वेळ येत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी चपटी आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. त्यामुळे वरच्या पद्धतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवास आखायला एवढं पुरेसं आहे, त्याहून बारीक गणित करण्यात अर्थ नाही, कारण विमान स्वतःच त्या रेषेवरून जात नाही.

एककांचं लगेच उरकतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल मैल बरोबर १.८५२ किलोमीटरचा. विमान क्षेत्रात अंतर नॉटिकल मैलांत आणि वेग नॉटमध्ये सांगतात, नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं बृहद्वृत्तीय अंतर सुमारे २०,००० किलोमीटरहून जास्त असूच शकत नाही, कारण तोच अर्धा परीघ. कुणी २३,००० सांगितलं तर ते मधल्या थांब्यासकटचं अंतर आहे.

हा कागदी आकडा निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली उशीर किंवा रद्द उड्डाणाची भरपाई ठरते, तिचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरचे आहेत आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. कनेक्टिंग फ्लाइट असली तरी पहिल्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंतचं थेट अंतर धरतात, मध्ये विमान कुठेही फिरून आलं तरी.

पायरी ३: प्रत्यक्ष उडलेलं अंतर वेगळं असतं

विमान वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीवरून उलट्या बाजूला उडतं, ठरलेल्या मार्गाने वर चढतं, उतरताना रांगेत थांबतं. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आपल्या कार्बन गणकात बृहद्वृत्तीय अंतरात थोडी भर घालते: ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ५०, ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५. अंदाजाला ही भर उत्तम.

पण काही मार्गांवर फरक शंभरात नाही, हजारांत जातो. सगळ्यात मोठं कारण बंद हवाई हद्द. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि साडेनऊ तासांचा हेलसिंकी–टोकियो प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं जिथल्या तिथे, नकाशावरचं अंतर तेच, वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढला. जुन्या लेखांतला किंवा जुन्या संकेतस्थळावरचा वेळ उचलू नका, तो याच कारणाने. दुसरं कारण समुद्र आणि डोंगर. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेवर लागतो. नव्या विमानांना ही मुभा बरीच मोठी आहे, एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत, त्यामुळे हे बंधन आता पूर्वीइतकं जाचत नाही. तिबेटचं पठार मात्र अजूनही बरीच विमानं टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर झटकन खाली यावं लागतं आणि तिथे खाली यायला जागाच नाही.

तिसरं कारण सगळ्यात मजेदार: मुद्दाम लांबून जाणं. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजाराहून जास्त किलोमीटरने लांबली आणि तरीही विमान आधी पोचू लागलं, कारण पाठीवर वारा होता.

पायरी ४: हवेतला वेळ, आणि वाऱ्याचा हिशेब

साधा अंदाज असा करा: किलोमीटरमधल्या अंतराला ८५० ने, म्हणजे तासाला ८५० किलोमीटर या वेगाने, भागा आणि अर्धा तास मिळवा. तो अर्धा तास चढण्या-उतरण्यातल्या मंद वेगासाठी. १,००० किलोमीटरला पावणेदोन तासांच्या आत, ३,००० ला चार, ५,५४० ला सात तास. छोट्या पंख्याच्या विमानाला, उदाहरणार्थ एटीआर ७२ ला, ८५० च्या जागी ५०० घ्या.

८५० कुठून आला? जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत ठरवतात. ११ किलोमीटर उंचीवर तापमान सुमारे उणे ५६ अंश असतं आणि तिथे ध्वनीचा वेग तासाला सुमारे १,०६० किलोमीटर. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० त्याच्या ०.७८ पटीने जातात, म्हणजे ८३० च्या आसपास. ७८७ आणि ए३५० ०.८५ पटीने, म्हणजे ९००. हा हवेच्या तुलनेतला वेग. जमिनीच्या तुलनेत किती, ते वारा ठरवतो.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, म्हणजे बरोबर विमानांच्याच उंचीवर. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. समजा विमानाचा वेग ९०० आणि वारा १२०. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना जमिनीवरचा वेग १,०२० होतो आणि ५,५४० किलोमीटर ५ तास २६ मिनिटांत कापले जातात. परतताना वेग ७८० उरतो आणि ७ तास ६ मिनिटं लागतात. एकूण १२ तास ३२ मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना मिळालेलं सगळं येताना परत द्यावं लागतं आणि वर तेरा मिनिटं जास्तीची जातात, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. ‘जातानाचा आणि येतानाचा वेळ सरासरीत सारखाच’ हे म्हणूनच खरं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीवरचा वेग १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. हवाच त्याला घेऊन पळत होती.

थोडक्यात, पूर्व-पश्चिम लांब मार्गांवर दोन्ही दिशांचा वेळ वेगळा काढा. सॅन फ्रान्सिस्को–टोकियो पट्ट्यात हा फरक दीड-दोन तासांचा असतो. उत्तर-दक्षिण मार्गांवर तो बहुतेक वेळा दुर्लक्ष करण्याइतका.

पायरी ५: वेळापत्रकातला वेळ म्हणजे उडण्याचा वेळ नाही

माझं मत विचाराल तर थेट विमान असेल तेव्हा वरचं गणित फक्त पडताळ्यासाठी ठेवावं आणि वेळ वेळापत्रकातूनच घ्यावा. पण तो काय मोजतो ते माहीत हवं. गेटपासून विमान हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, तिथली रांग, उतरल्यावर गेटपर्यंत येणं सगळं धरलेलं असतं. गर्दीच्या विमानतळावर दोन्हीकडचं मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय कंपन्या थोडा वेळ हाताशी राखूनच वेळापत्रक लावतात, म्हणजे उशिरा सुटूनही ‘वेळेवर’ पोचता येतं. वैमानिक ‘हवेतला वेळ सहा तास दहा मिनिटं’ असं सांगतो आणि तिकिटावर सात तास असतात, ते यामुळे.

हे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. एकाच उड्डाणाचा वेळ दोन्हींत वेगळा असू शकतो. प्रत्यक्षात काय घडतं ते बघायचं तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या उड्डाणाचा नंबर टाका आणि मागच्या आठवड्याभरातल्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा बघा. सगळ्यात लवकरची आणि सगळ्यात उशिराची सोडा, मधल्या वेळांवर भरवसा ठेवा.

पायरी ६: स्थानिक वेळेची गाठ सोडवा

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. म्हणून सरळ वजाबाकी कधीच करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर सामाईक असलेल्या प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा.

हिवाळ्यात न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे, लंडन यूटीसीवरच. विमान न्यूयॉर्कहून रात्री ९:३० ला सुटतं, म्हणजे यूटीसीत पहाटेचे २:३०. लंडनला सकाळी ९:३० ला पोचतं. प्रवास सात तासांचा, तिकिटावर बारा दिसतात. परतीचं विमान लंडनहून सकाळी ११ ला सुटून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचतं. न्यूयॉर्कचे २ म्हणजे यूटीसीत संध्याकाळचे ७. प्रवास आठ तासांचा, तिकिटावर तीन.

इथे फसवणारी जागा म्हणजे डेलाइट सेव्हिंग, उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करणं. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन शहरांतला फरक पाच नाही, चार तासांचा असतो. शरद ऋतूतही एक आठवडा असाच जातो. ऑनलाइन मीटिंगा चुकतात त्या याच दिवसांत. शिवाय फरक नेहमी पूर्ण तासांचा नसतो. भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तारीखही बदलते. ऑकलंडहून १ जानेवारीच्या रात्री ११:५५ ला निघालं आणि पावणेनऊ तास उडालं, तर होनोलुलूला १ जानेवारीच्या सकाळी ९:४० ला पोचतो, निघण्याआधीच! उलट दिशेला एक आख्खी तारीख गायब होते. हॉटेलचं आरक्षण करताना तिकिटावर वेळेशेजारी ‘+१’ किंवा ‘-१’ छापलंय का ते बघा.

पायरी ७: मध्ये थांबा असेल तर

थांब्यामुळे अंतर नेहमी खूप वाढतं असं नाही. लंडन–सिडनी थेट अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर. दुबईमार्गे गेलं तर साधारण ५,५०० अधिक १२,०४०, म्हणजे १७,५४०. जेमतेम तीन टक्के जास्त. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या पुढे जातं, बावीस टक्के जास्त. थांबा बृहद्वृत्ताच्या जवळ असेल तर तो अंतराच्या हिशेबाने जवळपास फुकट पडतो.

वेळेच्या हिशेबाने मात्र नाही. प्रत्येक थांब्याला पुन्हा एकदा उतरणं-चढणं आणि जमिनीवरची ये-जा, म्हणजे पाऊण ते एक तास, त्यावर लेओव्हर, म्हणजे पुढच्या विमानाची वाट बघण्याचा वेळ. दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे विमानतळागणिक ठरलेलं असतं आणि एकाच तिकिटावर त्याहून कमी वेळाचं कनेक्शन विकत नाहीत. दोन वेगळी तिकिटं काढली तर ही सोय नाही: पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलं, सामानही पुन्हा स्वतः जमा करायचं. अशा वेळी किमान वेळेच्या दुप्पट ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

पायरी ८: दारापासून दारापर्यंत

आता ज्यासाठी हे सगळं केलं तो आकडा. वेळापत्रकातल्या वेळेत पुढच्या गोष्टी मिळवा: घरापासून विमानतळ, सुटण्याआधी पोचायचा वेळ, पोचल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान, मग शहरापर्यंतचा प्रवास. सुटण्याआधीचा वेळ मोजताना विमान सुटायची वेळ धरू नका, काउंटर आणि गेट बंद व्हायची वेळ धरा. गेट बहुधा पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं.

४०० किलोमीटरचं उड्डाण घ्या. सूत्राने हवेतला वेळ एक तासाच्या आत, वेळापत्रकात सव्वा तास. विमानतळापर्यंत एक तास, तिथे दीड तास, उतरल्यावर अर्धा तास, पुढे पाऊण तास. एकूण पाच तास, त्यातले हवेत एकाहून कमी. एवढ्या अंतराला शहराच्या मध्यातून मध्यात जाणारी वेगवान रेल्वे तीन-साडेतीन तास घेत असेल, तर विमानाचं तिकीट बघायचंही कारण नाही. हीच बेरीज ८,००० किलोमीटरच्या प्रवासाला केली, तर जमिनीवरचे तेच साडेतीन-चार तास दहा तासांच्या उड्डाणापुढे किरकोळ वाटतात. साधारण ६०० ते ८०० किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र निकाल दोन्हीकडे झुकू शकतो, आणि तिथे विमानतळ गावापासून किती लांब आहे यावरच सगळं ठरतं.